जुनी पद्मिनी घरीच चालती करायची, तर कामाला हात कुठून घालायचा?

बरीच वर्षं उभी असलेली गाडी घरी आणली की पहिल्याच रविवारी इंजिन खोलायची घाई होते. इंजिन पोत्यात, गिअरबॉक्स जिन्याखाली आणि नटबोल्ट रंगाच्या रिकाम्या डब्यात, अशा अवस्थेत अडकून पडलेल्या गाड्या नागपूरच्या कितीतरी अंगणांत आजही दिसतात. मालकाला हौस असते, हातही चांगला असतो. चुकतो तो क्रम. म्हणून या लेखात एकच आग्रह धरला आहे: आधी मोजा, मग खोला, आणि एका वेळी एकच काम काढा. गाडी जितके दिवस स्वतःच्या चार चाकांवर राहील, तितकी ती पूर्ण होण्याची शक्यता जास्त.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इतकी सरळ रचना असलेली गाडी घरी शिकायला दुसरी नाही. अँबॅसेडर असेल तर जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. रंगकाम आणि सीटचं काम हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

गाडी आणि कागद

विदर्भाची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते, त्यामुळे इथल्याच गाडीचा पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा सहसा चांगला निघतो. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यातली एखादी स्वस्तात मिळत असेल तर भुलू नका. खाऱ्या हवेने तळ खाल्लेला असतो आणि सीएनजीसाठी बरीच कापाकापी झालेली असते. इंजिन बांधता येतं, सडलेली चासी घरी बांधता येत नाही. गाडी पाहताना बॉनेटआधी कार्पेट उचला, जॅक लावायच्या जागा आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बसतात ती जागा पेचकसाने टोचून पाहा.

इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहायचं. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे. आपल्याकडे फिटनेस तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि ते पाच वर्षांसाठी असतं. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. सत्तरच्या दशकातली पद्मिनी असेल तर मूळ इंजिन बदलायचा विचारही करू नका. नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर तर अजिबात नको.

जागा, हत्यारं, हंगाम

दिवाळीनंतर काम काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने नागपुरात अंगणात काम करायला उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पाना हातात धरवत नाही, आणि पावसाळ्यात उघडं सिलिंडर एका रात्रीत गंजाची साय धरतं.

जमिनीचं मात्र आधी पाहा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली घोडी, म्हणजे उचललेली गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, कधी कलेल सांगता येत नाही. सिमेंटचा कोबा असेल तर ठीक, नाहीतर घोडीखाली जाड लोखंडी प्लेट किंवा सागवानी फळी हवीच. उन्हाळ्यात डांबरावरही हाच धोका असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, विटांवर ठेवलेल्या गाडीखाली तर मुळीच नाही. वीट न सांगता फुटते.

पाने घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात, अँबॅसेडरला इंचाचे. एकाच्या जागी दुसरा ‘जवळजवळ बसतो’ म्हणून वापरला की बोल्टची डोकी गोल होतात. रिंग पाने, गोटी सेट, टॉर्क रेंच, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर आणि एक चांगला पुलर एवढं विकत घ्या. इंजिन उचलायची चेन कुप्पी भाड्याने मिळते. नटबोल्ट आणि किरकोळ लोखंडी सामानासाठी इतवारीतली लोहाओळी, सुट्या भागांसाठी घाट रोडवरची दुकानं. तिथे मिळालं नाही तर मुंबईत कुर्ला किंवा दिल्लीचं काश्मिरी गेट. रबरी सामान घेताना नखाने दाबून पाहा. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला ब्रेक सिलिंडरचा ‘नवा’ बकेट वॉशरही कडक झालेला असू शकतो.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्कर पेनने नाव. कंटाळवाणं आहे, पण करायचं.

खोलण्याआधीची मोजणी

इंजिन जाम आहे की मोकळं, हे सेल्फ मारून पाहायचं नाही. चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून टाका. हे मिश्रण पेट घेतं, तेव्हा आसपास विडी-सिगारेट नको. जुनं मुरलेलं जाम असेल तर आठवडाभर रोज थोडं थोडं घालत राहा. मग गाडी टॉप गिअरला टाकून दोघांनी मागे-पुढे हलकेच झुलवायची. केसभर जरी हललं तरी समजा काम झालं, पुढचं फक्त धीराचं. दुसऱ्या गाडीने ओढून जाम सोडवणारे भेटतील. त्यात पिस्टनच्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन फिरायला लागलं की ऑइल बदला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, मोजा. सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती येतो यापेक्षा चार सिलिंडरांत फरक किती पडतो ते महत्त्वाचं. १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान सगळे असतील आणि आपसातला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर ते इंजिन खोलायचं कारणच नाही. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेलंय. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन्ही सारखेच पडलेले असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट उडालंय असं धरा.

या अर्ध्या तासाच्या कामाने पुढचे हजारो रुपये वाचतात. इंजिन धूर देत नाही आणि कॉम्प्रेशन बरोबर आहे, तरी ‘आता गाडी घेतलीच आहे तर बांधूनच टाकू’ म्हणून बोअर करणं मला पटत नाही. प्रत्येक रिबोअरने ब्लॉकचं आयुष्य एकेक पायरी कमी होतं, आणि नवा ब्लॉक आता कोणी बनवत नाही.

पहिलं काम ब्रेकचं

जुने मिस्त्री म्हणतात, “भाऊ, पयले थांबवाचं पाहा, मंग चालवाचं.” यात बदल करण्यासारखं काही नाही.

जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम काढला की फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. मग व्हील सिलिंडर काढून आतून पाहा. भिंत गुळगुळीत असेल तर बारीक होन (घासायचा दगड) फिरवून नवे बकेट वॉशर बसतात. नख अडकेल असे खड्डे असतील तर सिलिंडर नवा घ्या किंवा लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. रबर पेट्रोल-डिझेलने धुवायचं नाही, ते फुगतं आणि चाक धरून ठेवतं. ब्रेक ऑइलनेच धुवायचं.

रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी सगळे बदला. आतला थर सुजला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. लोखंडी नळी बदलायची असेल तर टोकाला दुहेरी फ्लेअर करून, म्हणजे टोक दुमडून पसरवून घ्या. साध्या तांब्याच्या नळीचा जुगाड इथे चालत नाही, कारण जुन्या गाड्यांत चारही चाकांचा ब्रेक एकाच वाटेने जातो आणि एक नळी फुटली की काहीच उरत नाही.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. त्याआधी चारही चाकांच्या शूचं अ‍ॅडजस्टमेंट करून घ्या, नाहीतर पेडल खालीच जात राहतं आणि हवा राहिली असा उगाच संशय येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका आणि गाडीतलं दर दोन वर्षांनी बदला.

पेट्रोलची वाट

टाकी, नळी, पंप, कार्बोरेटर, याच क्रमाने जायचं. टाकी खाली काढून जुनं पेट्रोल ओता. आत गंज असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, तिला वेल्डिंगची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ. भोक असेल तर हे काम नेहमी करणाऱ्याकडेच टाकी न्या.

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. पद्मिनीच्या रबराला ते सोसत नाही. जुने होज आतून चिकट होतात, पंपाचा डायफ्राम कडक होतो आणि निघालेला चुरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतो. म्हणून होज, डायफ्राम आणि फ्लोटची नीडल, तिन्ही इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन रबराचे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. पावसाळ्यात रिकाम्या जागेतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेतं आणि ते तळाला साचतं. या पेट्रोलवर हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळही पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. चढावर गाडी अडखळली आणि प्लग पांढरे निघाले तर मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहा.

कार्बोरेटरचे जेट तारेने टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवा एवढंच.

नागपूरचा उन्हाळा आणि रेडिएटर

इतर शहरांत हा भाग दोन ओळींत संपला असता. इथे तो गाडीचा जीव आहे.

पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन धातू आणि मधे बोअरवेलचं जड पाणी, म्हणजे क्षार आणि गंज दोन्ही. आधी थर्मोस्टॅटची (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेची) जागा उघडून उलट्या दिशेने पाणी सोडा. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती गाळ बसतो. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टिकल्या, म्हणजे कोअर प्लग, काढून तो तारेने खरवडल्याशिवाय निघत नाही. टिकल्या स्वस्त असतात, सगळ्या नव्या लावा. रेडिएटर बाहेर काढून रेडिएटरवाल्याकडून वरची-खालची टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्या. बाहेरून ताकदीचं पाणी मारलं की झालं, असं नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ‘इथे गरमी आहे, कशाला पाहिजे?’ मी त्याच्या विरुद्ध आहे. तो नसला की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल बोअर धुऊन काढतं आणि झीज वाढते. पातेल्यात पाणी तापवून त्यात तो टांगा, थर्मामीटर लावा. ८० अंशांच्या आसपास उघडायला लागला तर चांगला आहे.

पाणी डिस्टिल्डच. त्यात तिसरा हिस्सा कूलंट पुरे. आपल्याकडे गोठायची भीती नाही, कूलंट हवं ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू वर न्यायला. रेडिएटरचं झाकण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच हवं. दर एक पीएसआयला उकळबिंदू साधारण दीड अंश वर जातो हे खरं, पण म्हणून मोठ्या दाबाचं झाकण लावलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात.

एप्रिल-मे मध्ये दुसरा त्रास पेट्रोलचा. सिग्नलला गाडी बंद केली की इंजिनाच्या तापाने पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरूच होत नाही. पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही चालतो. कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉकच्या मधला बेकेलाइटचा जाड तुकडा जागेवर असल्याची खात्री करणं आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून नेणं.

इंजिन उघडावंच लागलं तर

हेड काढायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. नट बाहेरच्या बाजूने मधे येत, प्रत्येकी अर्धा-पाऊण आटा करत ढिले करा. हेड चिकटलं असेल तर पेचकस घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमला चरा पडला की गॅस्केट कधीच धरत नाही. लाकडी हातोड्याने बाजूने हलके ठोके द्या.

व्हॉल्व्ह घासणं हे घरी करण्यासारखं सगळ्यात समाधानाचं काम. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार ठिपके लावा, रबरी काठी तळहातांत धरून रवीसारखी दोन्हीकडे फिरवा, मधून मधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदला. सुरुवातीला खरखर आवाज येतो. पेस्ट काम करत गेली की आवाज मऊ होतो. पुसून पाहिलं की व्हॉल्व्हवर आणि सीटवर सलग, न तुटलेली राखाडी रेघ दिसली पाहिजे. एका जागी जरी तुटली असेल तर अजून काम आहे. शेवटी हेड उलटं करून खोलगट भागात पेट्रोल ओता. दहा मिनिटांत पोर्टमधून पाझरलं नाही तर व्हॉल्व्ह बसले. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये.

अँबॅसेडरवाल्यांना एक सूचना. फेब्रुवारी २००० पासून देशात शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. बिडाच्या जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट सीटला शिशाचं वंगण मिळायचं, आता ती हळूहळू खाली खचते आणि टॅपेट घट्ट होत जातात, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट कमी होत जाते. हेड मशीनवर गेलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. आणि अँबॅसेडरच्या क्रँकला मागच्या बाजूला रबरी सील मुळातच नाही, तिथून थेंबभर ऑइल टपकलं म्हणून इंजिन उतरवू नका.

बोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं लेथवाल्याची. पण आकडे तुम्ही मागा. क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून लिहून घ्या. बेअरिंगचा साइज त्यावरून ठरतो, दुकानात काय शिल्लक आहे त्यावरून नाही. नवी रिंग पिस्टनला चढवण्याआधी बोअरमध्ये सोडा, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. पद्मिनीच्या ६८ मिमी बोअरला साधारण ०.२ ते ०.३ मिमी फट लागते. ती नसली तर इंजिन तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडतं.

हेड बसवताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. टॅपेटसाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा एक नंबरचा सेट करायचा, सात उघडा तेव्हा दोन, सहा उघडा तेव्हा तीन, असं पुढे.

करंट आणि टायमिंग

काम सुरू करण्याआधी बॅटरीची केबल काढा. जुन्या गाडीचे निम्मे विजेचे आजार अर्थिंगचे असतात. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी, दोन्ही जागा पत्र्यापर्यंत घासून नव्या पट्ट्या लावा. वायरिंगचं इन्शुलेशन हातात तुटत असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता पूर्ण हार्नेस बदला आणि हेडलाइटला रिले लावा.

डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची, फट साधारण ०.४ मिमी, नेमका आकडा तुमच्या डिस्ट्रिब्यूटरच्या मॅन्युअलमधला घ्या. टायमिंगसाठी घरी साधा १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. कॉइलवरून डिस्ट्रिब्यूटरला जाणाऱ्या टोकाला एक वायर, दुसरी अर्थला. इंजिन फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवत पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला पुलीची खूण जुळवा. रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे बघत असला पाहिजे. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडतो, तिथेच कसा. वायरींचा क्रम १-३-४-२, अँबॅसेडरलाही हाच.

क्लचप्लेट गिअरबॉक्स खाली आलाच असेल तेव्हा, रिलीज बेअरिंगसकट बदला. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनच्या निपलमधून जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवं भरा. पाट्यांचे बुश आणि शॉकअप डोळ्यांनी पाहून ठरवता येतात.

पहिलं सुरू करणं आणि पुढचे किलोमीटर

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल. आपल्या तापमानाला आणि जुन्या फटींना तेच योग्य. प्लग काढून ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत सेल्फने इंजिन फिरवा. मगच प्लग लावून सुरू करा. आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं आणि दुसरा माणूस फक्त गळती बघायला. नवा कॅमशाफ्ट किंवा टॅपेट घातले असतील तर पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका.

पहिल्या फेऱ्या गल्लीतच. ब्रेक पुन:पुन्हा दाबून एका बाजूला ओढतो का बघा, परत आल्यावर चारही ड्रमना हात लावून कोणता जास्त तापलाय ते पाहा. मग भल्या सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ. तिथे क्लच आणि मिश्रण दोन्ही कळतात. तापमानाचा काटा स्थिर राहिला की रामटेक: जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर आणि शेवटी गडाचा चढ-उतार. उतरताना इंजिन बंद करायचं नाही, गिअरमध्येच उतरायचं.

बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जोर द्यायचा नाही, पण एकाच वेगावर रेंगाळायचंही नाही. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, मॅन्युअल सांगत असेल तर थंड इंजिनावर हेड पुन्हा टॉर्क करा आणि त्यानंतर टॅपेट तपासा, कारण हेड कसलं की फट बदलते. काढलेलं काळं ऑइल नालीत ओतू नका, आपल्या नाल्या शेवटी नाग नदीलाच मिळतात. कॅनमध्ये भरून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि एक मोठी फेरी एप्रिलच्या अखेरीस दुपारी चार वाजता वर्धा रोडच्या सिग्नलांमधून मारा. त्या तासाभरात काटा जागेवर राहिला आणि गाडी बंद करून दहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला उठली, तर रेडिएटर आणि पेट्रोलच्या वाटेचं काम बरोबर झालं आहे. नाही उठली, तर आधी पंपाला हात लावून पाहा.